पऱ्हाटीचा कोळसा आणि कार्बनचा काटा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्यांना आजवर चुलीखेरीज गिऱ्हाईक नव्हते. आता ते थेट अमेरिकेतून आले आहे. २०२६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी तीन वर्षांच्या मुदतीचा एक करार केला. एक लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून घेतल्याची प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टने विकत घ्यावयाची, आणि हे काम आरंभी महाराष्ट्रातील कापसाच्या अवशेषांचा कोळसा करून व्हावयाचे, असा त्याचा आशय आहे. चाळीस-पंचेचाळीस हजार लहान शेतकऱ्यांचा या योजनेशी संबंध येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याआधी बरोबर एक वर्ष, २०२५ च्या जानेवारीत, गूगलने याच कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टनांची अशीच खरेदी जाहीर केली होती. तिचा कच्चा माल गुजरातेत माजलेली वेडी बाभूळ हा होता. म्हणजे ज्या वस्तूला कोणी विचारीत नव्हते तिच्या दारात जगातील दोन सर्वांत श्रीमंत कंपन्या उभ्या आहेत. शहरात बसून वृत्तपत्र वाचणाऱ्यास ही बातमी गमतीची वाटेल. ज्याच्या शेतात त्या पऱ्हाट्या उभ्या आहेत त्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न एवढाच आहे की, या व्यवहारात आपण विक्रेते आहोत की केवळ सरपण पुरविणारे?

‘बायोचार’ या शब्दास आम्ही येथे ‘जैवकोळसा’ म्हणत आहो. शब्द देखणा नाही, पण कोळशाला कोळसा म्हणण्यात निदान अप्रामाणिकपणा नाही. लाकूडफाटा उघड्यावर पेटविला की त्यातील कर्ब हवेत जातो आणि मागे राख उरते. तोच लाकूडफाटा पुरेशी हवा लागू न देता भाजला तर त्यातील कर्बाचा तिसरा हिस्सा, पद्धत चांगली असल्यास निम्मा, कोळशाच्या रूपाने हाती राहतो. हा कोळसा न जाळता मातीत मिसळला तर जमिनीतील जिवाणूंना तो सहजासहजी पचत नाही. त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षे तेथेच पडून राहतो. अमेझॉनच्या खोऱ्यात कोलंबसाच्या पूर्वीच्या रहिवाशांनी घडविलेली ‘तेरा प्रेता’ नावाची काळी माती अजूनही कोळसा बाळगून आहे, हा त्याचा सर्वांत जुना पुरावा. झाडाने वाढताना हवेतून जो कर्ब घेतला तो परत हवेत जाऊ न देता जमिनीत गाडून टाकावयाचा, इतकीच यामागील कल्पना. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०१८ च्या आपल्या विशेष अहवालात हवेतून कर्ब काढून घेण्याच्या उपायांमध्ये तिची गणना केली, आणि तेव्हापासून ही कल्पना प्रयोगशाळेतून बाजारात आली.

यंत्र मोठेच लागते असेही नाही. मोठ्या कंपन्या कारखान्यातील बंद भट्ट्या वापरतात. परंतु हान्स-पेटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी सुमारे २०१४ पासून प्रचारात आणलेली ‘कोन-टिकी’ भट्टी म्हणजे तोंडाशी रुंद व तळाशी निमुळती अशी एक लोखंडी कढईच होय. ती नसेल तर त्याच आकाराचा जमिनीतील खड्डाही चालतो. तळाशी जाळ करावयाचा, वरच्या थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागताच पुढचा थर टाकावयाचा. वरच्या ज्वाळाच खालच्या थराला हवा पोहोचू देत नाहीत. शेवटी पाणी किंवा माती टाकून विझवावयाचे. कोकणातला राब याहून निराळा. तेथे पालापाचोळा व कवळ जाळून रोपांची जमीन भाजतात. हाती राख राहते, कोळसा नव्हे. भट्टीच्या कामात कौशल्य आहे ते थर टाकण्याच्या वेळेत आणि पऱ्हाटी पुरती वाळलेली असण्यात. ओली पऱ्हाटी घातली की धूर होतो, आणि त्या धुराबरोबर मिथेन जातो. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी तापट वायू असल्यामुळे वाईट चालविलेली भट्टी पुण्याऐवजी पापच पदरात टाकते.

पऱ्हाटी मुळातच हट्टी. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टची प्रसिद्ध पद्धत बसविली, तेव्हा या पऱ्हाट्या लवकर कुजेनात. शेवटी त्या शेतावरच्या रस्त्यांवर अंथरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेंगरून घेण्याची युक्ती काढावी लागली. आजच्या शेतकऱ्याजवळ ना तेवढे बैल आहेत, ना तेवढी सवड. तो धुऱ्यावर ढीग रचतो आणि काडी लावतो. यात दोष त्याचा नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात व मराठवाड्यात जो कहर केला त्यानंतर कृषी खातेच त्यास सांगत आले आहे की, फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटून त्यांची विल्हेवाट लावा. विल्हेवाटीचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आगपेटी. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. पऱ्हाट्यांपासून फळ्या कराव्या, कांड्या कराव्या, यासाठी तिने पुष्कळ काम केले आहे. पण गावोगावचा विखुरलेला, हलका आणि जागा खाणारा हा माल एकत्र करून वाहून नेण्याचा खर्च आजवर त्या सर्व उपायांच्या आड आला. कोळशाचे तसे नाही. चार टन पऱ्हाट्यांचा साधारण एक टन कोळसा होतो, आणि तो जेथे झाला तेथेच शेतात टाकावयाचा असतो.

आता हिशेबाकडे वळू. एक हेक्टर कापसातून दोन ते अडीच टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात असे धरले तर त्यातून अर्धा टन, फार तर सहाशे किलो कोळसा मिळेल. कोळशातील कर्बाचे प्रमाण, तो टिकण्याविषयीची वजावट, भट्टीतून व वाहतुकीतून हवेत गेलेल्या वायूंची वजावट, हे सर्व जमेस धरता त्या कोळशाने सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड अडविला असे म्हणता येईल. जैवकोळशाच्या प्रमाणपत्रांचा भाव गेल्या काही वर्षांत टनाला शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान राहिला आहे. मधला एखादा आकडा घेतला तर हेक्टरी दहा-बारा हजार रुपयांचा हा माल झाला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणा अवघी १.३४ हेक्टर आहे आणि देशातील शेतकऱ्यांपैकी शेकडा ८६ लहान वा सीमांत आहेत. अशा कुटुंबास वर्षाकाठी दहा हजार रुपये ही तुच्छ रक्कम नव्हे. परंतु हा भाव न्यूयॉर्कच्या किंवा हेलसिंकीच्या नोंदवहीतला आहे. शेताच्या धुऱ्यापासून त्या नोंदवहीपर्यंत जी वाट जाते तिच्यावर पऱ्हाट्या उपटणारा मजूर आहे, भट्टी आहे, प्रयोगशाळा आहे, तपासनीस आहे, नोंदणी करणारी संस्था आहे, दलाल आहे, आणि या सर्वांना एकत्र बांधणारी कंपनी आहे. तपासणीचा व नोंदणीचा खर्च इतका असतो की एकट्यादुकट्या शेतकऱ्याने त्या बाजाराचे दारही ठोठावू नये. म्हणून कोणीतरी गोळा करणारा हवाच. तो कोण असावा आणि त्याने किती ठेवून घ्यावे, येथे खरा वाद आहे.

हा वाद काल्पनिक नव्हे. जैवकोळशाच्या आधी, कमी नांगरट आणि पाण्याची बचत यांसारख्या पद्धतींनी जमिनीतला कर्ब वाढवून त्याची प्रमाणपत्रे विकण्याचे प्रकल्प आपल्या देशात आले. हरियाणा व मध्य प्रदेशातील अशा प्रकल्पांत सामील झालेल्या शेतकऱ्यांची पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रमाणपत्रांचे पैसे जवळजवळ कोणाच्याच हाती पडलेले नव्हते. कित्येकांना आपण कशात सामील झालो हेही कोणी धड सांगितले नव्हते. जागतिक बँकेच्या पाठबळाने केनियात चाललेल्या प्रकल्पास २०१४ साली शेतजमिनीतील कर्बाची पहिली प्रमाणपत्रे मिळाली, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला; परंतु हजारो कुटुंबांत ती रक्कम वाटली गेल्यावर एकेकाच्या वाट्यास जे आले ते किरकोळ होते. तिकडे खरेदीदारांचीही फसगत झालीच. वर्षावनांच्या रक्षणाबद्दल दिलेल्या प्रमाणपत्रांपैकी बहुतांश पोकळ असल्याचे ‘गार्डियन’ने व त्याच्या सहकारी पत्रांनी २०२३ च्या जानेवारीत दाखवून दिले, आणि त्या बाजाराची पत एका आठवड्यात खाली आली.

तरीही जैवकोळशाच्या बाबतीत आम्ही आशावादी आहो, आणि त्याचे कारण साधे आहे: कोळसा काट्यावर घालता येतो. नांगरट कमी केल्यामुळे जमिनीत कर्ब किती वाढला याचा अंदाज संगणकातील गणिताने करावा लागतो. ते गणित शेतकऱ्यास दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी एकदा खोल नांगर घातला की कमाई उडून जाऊ शकते. वाचविलेल्या जंगलाच्या हिशेबात तर जे झाले नाही त्याचे माप घ्यावयाचे असते. कोळशाचे पोते मात्र समोर असते. त्याचे वजन, त्यातील ओलावा, त्यातील कर्ब आणि हायड्रोजन यांचे प्रमाण या मोजण्याजोग्या गोष्टी आहेत. पैकी वजन व ओलावा कापसाच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसास शिकवावा लागत नाही. ओलाव्याच्या नावाखाली कट्टी कशी लागते हे तर तो आम्हांलाच शिकवील. ज्या मालाचे माप शेतकऱ्यास स्वतः तपासता येते त्याच मालात त्याला भावाची घासाघीस करता येते. कार्बनच्या सगळ्या बाजारात ही सोय असलेला माल दुसरा क्वचितच असेल. ती सोय हातची घालवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. परंतु आज बहुतेक योजनांची रचना अशी दिसते की, शेतकऱ्याकडून पऱ्हाट्या टनाच्या भावाने घ्यावयाच्या आणि पुढचा सारा व्यवहार कारखान्याच्या फाटकाआड व्हावयाचा. अशा वेळी शेतकरी कार्बनच्या बाजारात शिरलाच नाही. तो सरपणाच्याच बाजारात राहिला, फक्त गाडी दुसऱ्या दिशेने गेली.

दूरच्या बाजाराशी आपल्या कापूसवाल्याची ही पहिली गाठ नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचे वेड माजले, बॅक बे भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि खेड्यांत सावकाराने सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळला. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या त्याची कहाणी सर्वांना ठाऊक आहे; खेड्यातील कर्जखते मात्र बुडाली नाहीत, ती व्याजासह वाढत राहिली. दख्खनच्या शेतकऱ्याला पुढे दुष्काळ, वाढीव सारा यांचाही मार बसला, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला लोकांनी सावकारांची दप्तरे काढून जाळली. त्या दंग्यांचा एक विशेष इतिहासकार नेहमी सांगतात: रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. न वाचता उठविलेल्या अंगठ्याचे कागद लोकांना नको होते. सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला, आणि त्यात, इतर गोष्टींबरोबर, शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, दिलेल्या पैशाची लेखी पावती त्यास मिळावी, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा त्याला हक्क असावा, असे ठरविले. परकीय सरकारला जे सुचले ते आपल्या सरकारला दीडशे वर्षांनी सुचावे ही अपेक्षा फार नव्हे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२४ च्या जानेवारीत शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट प्रसिद्ध केली. २०२३ च्या जूनमध्ये कार्बन प्रमाणपत्रांच्या व्यापाराची देशी योजनाही अधिसूचित झाली. या दस्तऐवजांत लहान शेतकऱ्याविषयी आस्था आहे. परंतु आस्था म्हणजे पासबुक नव्हे.

या ठिकाणी दोन गोष्टी, ज्या उत्साही मंडळी सहसा बोलत नाहीत, बोलणे आम्हांस भाग आहे. पहिली मातीविषयी. जैवकोळसा टाकला की पीक वाढते, असे सरसकट सांगितले जाते. जगभरच्या प्रयोगांचा २०१७ साली एकत्र अभ्यास झाला तेव्हा उष्ण कटिबंधातील जमिनींत सरासरी चतुर्थांश उत्पन्नवाढ दिसली, समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. आणि उष्ण कटिबंधातील लाभाचे मुख्य कारण तेथील आम्लधर्मी व निकस माती हे होते. कोळसा हा अल्कधर्मी असतो, म्हणून आम्ल माती त्याने सुधारते. आता विदर्भातील काळी कापसाची जमीन मुळात अल्कधर्मी आणि पाणी धरून ठेवणारी. तिला या औषधाची गरज बेताची. कोकणातील जांभ्याच्या जमिनीला ते अधिक मानवेल, पण पऱ्हाट्या कोकणात नाहीत. शिवाय कोरा कोळसा शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवून न घेता टाकला तर तो प्रथम पिकाच्या तोंडचे नत्रच ओढून घेतो. तेव्हा पीकवाढीच्या आमिषाने शेतकऱ्यास फुकट राबवून घेणे आणि प्रमाणपत्रांचे पैसे दुसऱ्याने नेणे, हा सौदा काळ्या जमिनीत तरी मुळीच न्याय्य ठरणार नाही. तेथे त्याचा मोबदला रोखच असला पाहिजे.

दुसरी गोष्ट चुलीविषयी. पऱ्हाटी टाकाऊ आहे असे आपण म्हणतो ते शेतमालकाच्या दृष्टीने. भूमिहीन घरातील बाई फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ज्या पऱ्हाट्या उपटते त्यांचा काही भाग कित्येक गावांत तिची मजुरी म्हणूनच तिच्या घरी जातो आणि पावसाळाभर चुलीत जळतो. २०१६ नंतर गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली हे खरे. पण दुसरे सिलिंडर आणण्याची ऐपत प्रत्येक घरात पोहोचली नाही. पऱ्हाटीला भाव आला की मालक ती फुकट नेऊ देणार नाही. म्हणजे हवा स्वच्छ करण्याच्या या उपक्रमाचा पहिला भुर्दंड अशा घरावर पडेल जिच्या मालकीची एक गुंठाही जमीन नाही. यावर तोड नाही असे नव्हे. उपटणे, वाळविणे, भट्टी लावणे या कामांची मजुरी हिशेबात ठळकपणे धरता येते, आणि भट्टी चालविण्याचे कसबी काम अशा बायकांच्या बचत गटांकडे सोपविता येते. पण हे आपोआप होणार नाही. कंपनीच्या अहवालात सातबाऱ्याचा क्रमांक असतो. ज्याला सातबारा नाही तो मनुष्य त्या अहवालात नसतो. मक्त्याने वा बटईने जमीन करणारा, किंवा नवऱ्याच्या नावच्या शेतात जन्मभर राबणारी बाई, यांचीही तीच गत.

गोळा करणारा कोण असावा, याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वी एकदा दिले आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला तेव्हा प्रश्न हाच होता: ऊस शेतकऱ्याचा, मग साखरेचा नफा कोणाचा? पुढे त्या चळवळीचे काय काय झाले हे वाचकांस सांगावयास नको; संस्था शेतकऱ्याच्या नावाची आणि घराणे एकाचे, हा अनुभव ताजा आहे. तथापि कल्पना खोटी ठरली नाही, माणसे ठरली. पाच-दहा गावांच्या शेतकरी उत्पादक कंपनीने भट्ट्या, काटा आणि वजनाची नोंदवही आपल्याकडे ठेवावी, तपासणी व विक्रीपुरती बाहेरच्या कंपनीशी गाठ घालावी, हे आज शक्य आहे. भट्टीला लागणारे लोखंड एखाद्या विहिरीच्या पंपाहून महाग नाही. पाणी मात्र लागते, आणि यवतमाळ-वाशीमकडे मार्चनंतर ते कोठून आणावयाचे हा प्रश्न आहे. माती टाकून विझविण्याची पद्धत तेथे पाठाची करावी लागेल.

आणखी एक धोका बाजाराचाच. टिकाऊ कर्बनिर्मूलनाची खरेदी करणारी गिऱ्हाइके मूठभर आहेत आणि मायक्रोसॉफ्ट त्यांत इतकी मोठी की, तिने हात आखडता घेतला तर सारा बाजार थंडीने काकडेल. कोणाच्या कायद्याने त्यांना खरेदी करणे भाग पाडलेले नाही. त्यांनी ती आपल्या वचनापायी चालविली आहे. म्हणून पऱ्हाट्यांच्या भरवशावर शेतकऱ्याने भट्टीसाठी कर्ज काढावे असा सल्ला आम्ही देणार नाही, आणि कोणी बँक तो देऊ लागली तर तिला त्यामागील तारण विचारले पाहिजे. भाव पडल्याचा तोटा मोठ्या कंपनीने सोसावा आणि भाव चढल्याचा लाभ दोघांनी वाटून घ्यावा अशी कलमे करारात घालता येतात. फळबागांच्या कंत्राटी करारांत किमान भावाची अट घालण्याची रीत आहेच.

पऱ्हाट्या उपटण्याचा हंगाम जानेवारीपासून सुरू होतो. तोपर्यंत राज्याच्या कृषी खात्याने एक काम करावे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. कार्बनच्या करारांचा एक नमुना मराठीत तयार करावा. त्यात कोळशाचे वजन शेतकऱ्यासमोर व्हावे आणि त्याची चिठ्ठी जागीच मिळावी. प्रमाणपत्र कोणत्या भावाने विकले गेले ते त्यास कळावे व त्यातील त्याचा हिस्सा शेकडेवारीने लिहिलेला असावा. पैसे किती दिवसांत मिळावेत याची मुदत असावी. करार सोडून जाण्याची मोकळीक असावी. आणि कसणाऱ्याचे नाव, सातबाऱ्यावर ते असो वा नसो, नोंदवहीत यावे. जी कंपनी या नमुन्यावर सही करणार नाही तिची नावनिशी जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयाबाहेरील फळ्यावर लावावी. बोंडअळीची सूचना लावण्यासाठी तो फळा तेथे आहेच.